पुरावा लोकांच्या कानी

अवकाशात आवाज नसतो, हे शाळेतलं पोरही सांगतं. काचेच्या हंडीत वाजणारी विजेची घंटा, निर्वात पंपानं हवा काढून घेतली की टोले देताना दिसते पण ऐकू येत नाही, हा प्रयोग पाठ्यपुस्तकात पिढ्यानपिढ्या छापला जातो आहे. प्रयोग बरोबर आहे, निष्कर्षही बरोबर आहे. असं असताना अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले डॉन गर्नेट नावाचे भौतिकशास्त्रज्ञ कित्येक दशकं लोकांना अवकाशातल्या ध्वनिफिती ऐकवत राहिले. गुरू, शनी, पृथ्वीभोवतालचे किरणोत्सारी पट्टे, अगदी सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडची आंतरतारकीय जागा, या सगळ्यांच्या फिती. त्यात लबाडी कुठंही नव्हती. ती का नव्हती, हे नीट समजून घेतलं तर विज्ञान लोकांपर्यंत नेण्याबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती तपासून घ्याव्या लागतात.

त्यातली सगळ्यात घट्ट बसलेली समजूत अशी: संशोधन हे मूळ काम आणि लोकांना समजावणं हे त्यातून उरलेल्या वेळात करायचं पुण्यकर्म. शास्त्रज्ञानं आधी शोध लावायचा, मग कुणीतरी तो सोपा करून, गोड करून वाढायचा. गर्नेट यांची कारकीर्द ही विभागणीच खोटी पाडते, असं माझं म्हणणं आहे. त्यांनी लोकांना ऐकवलं ते शोधाचं वर्णन नव्हतं. तो शोधाचा पुरावा होता, आणि ज्या कानांनी त्यांनी स्वतः तो ओळखला त्याच कानांपुढं त्यांनी तो ठेवला.

आधी प्लाझ्माबद्दल थोडं सांगायला हवं. वायूला पुरेशी ऊर्जा मिळाली की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धनभारित आयन मागं उरतात. या दोन्हींचं मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. सूर्य आणि तारे प्लाझ्माचे, कडाडणाऱ्या विजेचा झोत प्लाझ्माचा, ट्यूबलाइटच्या नळीत असतो तोही प्लाझ्माच. ग्रहांमधली जागा आपण रिकामी म्हणतो, पण सूर्यापासून सतत वाहणाऱ्या भारित कणांनी तीही व्यापलेली असते. पृथ्वीच्या आसपास हे कण घनसेंटिमीटरमागे पाच-दहा एवढेच. इतक्या विरळ जागेत कण एकमेकांवर आपटतच नाहीत, त्यामुळं हवेतून येतो तसा आवाज तिथून येणं शक्य नाही. मात्र कण भारित असल्यानं विद्युत आणि चुंबकीय बलांनी ते एकमेकांना दुरूनच ओढतात, ढकलतात. एका जागी इलेक्ट्रॉन सरकले की ते मागं खेचले जातात, पुढं निसटतात, पुन्हा मागं येतात. त्यातून लहरी उठतात. यातल्या अनेक लहरींची वारंवारता सेकंदाला काही दहा ते काही हजार आवर्तनं एवढी असते. माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे ऐकता येण्याजोगा स्वर तिथं असतो, फक्त हवा नसते. यानाच्या अँटेनावर उमटणारा कमीजास्त होणारा विद्युतदाब वर्धकातून स्पीकरला दिला की पडदा त्याच वेगानं थरथरतो. स्वर वाढवावा लागत नाही, उतरवावा लागत नाही.

आणि या शाखेचा आरंभच कानानं झालेला आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकण्यासाठी जमिनीत तारा रोवून वर्धक लावून बसले होते. संभाषणाच्या जोडीला त्यांच्या कानी वरच्या पट्टीतून सुरू होऊन झरझर खाली उतरणारी शीळ येऊ लागली. 1919 मध्ये त्यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली, पण उलगडा व्हायला 1953 उजाडलं. केंब्रिजच्या ओवेन स्टोरी या तरुणानं दाखवून दिलं की ही शीळ विजेची आहे. वीज कडाडताना सगळ्या वारंवारतांचे रेडिओतरंग एकदम सुटतात. त्यातले काही पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना धरून थेट दुसऱ्या गोलार्धात जाऊन उतरतात. वाटेत प्लाझ्मा लागतो. त्यातून उंच स्वर लवकर पोचतात, खालचे रेंगाळतात, म्हणून क्षणाचा कडकडाट लांबलचक शीळ होऊन येतो. ती किती लांबली यावरून स्टोरीनं वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची घनता काढली, आणि पृथ्वीपासून हजारो किलोमीटर वर, जिथं काही नसेल असं सगळे धरून चालले होते, तिथं प्लाझ्मा असल्याचं निघालं. पहिला स्पुटनिक उडायला तेव्हा अजून चार वर्षं होती. अवकाशातला प्लाझ्मा यान पोचण्याआधी माणसानं ऐकून शोधला, हे मला या साऱ्या कहाणीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

गर्नेट यांचा जन्म 1940 चा. आयोवातल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या शेतावर ते वाढले. लहानपणापासून हात खेळण्यातली विमानं बनवण्यात गुंतलेले. 1958 मध्ये आयोवा विद्यापीठात अभियांत्रिकी शिकायला आले आणि जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. त्याच वर्षी व्हॅन अ‍ॅलन यांनी एक्सप्लोरर-1 वरच्या उपकरणानं पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे शोधले होते. या विद्यार्थ्यानं सुचवलं की पुढच्या उपग्रहावर अतिनिम्न वारंवारतेचा रेडिओग्राहक बसवू. डिसेंबर 1962 मध्ये इंजुन-3 उपग्रहावरून तो गेला. तेव्हा गर्नेट 22 वर्षांचे होते. विजेच्या शिळा आता वरून ऐकू येऊ लागल्या, आणि त्यांच्यासोबत पहाटे झाडीत पाखरांचा किलबिलाट व्हावा तसा एक लहरींचा समूह. हा किलबिलाट गंमत म्हणून सोडून द्यायचा नव्हता. त्याच लहरी पट्ट्यांमधल्या इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देतात आणि ते इलेक्ट्रॉन उपग्रहांची उपकरणं निकामी करू शकतात, हे पुढच्या काळात स्पष्ट होत गेलं.

अभियंत्याचा हात आणि भौतिकीची दृष्टी एकाच माणसात असणं इथं निर्णायक ठरलं. 1965 मध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी. घेऊन ते आयोवातच शिकवू लागले ते 2019 पर्यंत. जानेवारी 2022 मध्ये त्यांचं निधन झालं. व्हॉयेजर, गॅलिलिओ, कॅसिनी अशा यानांवरच्या प्लाझ्मालहरींच्या उपकरणांमागं त्यांचा हात होता. अमिताव भट्टाचार्जी यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं प्लाझ्मा भौतिकीचं पाठ्यपुस्तक 2005 मध्ये केंब्रिजनं काढलं. ते समीकरणांनी गच्च भरलेलं आहे, लोकांसाठी सोपं करण्याचा तिथं प्रश्नच येत नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण ध्वनिफिती वाजवणारा माणूस म्हणजे गणिताला बगल देणारा असा ग्रह पटकन होतो.

1977 मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर दहा-दहा मीटर लांबीच्या दोन अँटेना इंग्रजी ‘व्ही’सारख्या पसरलेल्या आहेत. लहरींचा अख्खा आलेख, म्हणजे कानाला ऐकता येईल असा, पृथ्वीकडे पाठवायचा तर त्याला कॅमेऱ्याच्या चित्रांइतकाच संदेशवहनाचा वेग लागे, सेकंदाला 1,15,200 बिट. गुरूजवळून जाताना प्रत्येक क्षणाला चित्रांची रांग लागलेली असणार. तिथं काही सेकंदांच्या आवाजासाठी चित्राची जागा मागणं सोपं नव्हतं. ती मागितली गेली आणि मिळाली. 1979 मध्ये व्हॉयेजर-1 नं गुरूजवळ जे टिपलं त्यात त्याच उतरत्या शिळा होत्या. शीळ म्हणजे वीज. गुरूच्या वातावरणात विजा होतात याचा पुरावा असा कानानं हाती लागला, आणि बार्कहाउझेननं ऐकली तशी शीळ ऐकलेल्या कुणालाही तो ओळखता आला असता.

शनीपाशी झालं ते याहून बोलकं आहे. ऑगस्ट 1981 मध्ये व्हॉयेजर-2 नं शनीच्या कड्यांची पातळी ओलांडली. त्याच सुमारास कॅमेऱ्याचा फिरता मंच अडकला. आधी संशय धुळीवर गेला, पुढं कारण वंगणाचं निघालं. लहरींच्या उपकरणानं मात्र त्या वेळी जबरदस्त गोंगाट नोंदवला होता. वारंवारतांच्या आलेखावर तो नुसता सगळीकडे पसरलेला काळा डाग दिसे. तो कुठल्या लहरीचा म्हणायचा? तीच नोंद स्पीकरवर लावली तेव्हा पत्र्याच्या छपरावर गारा कोसळाव्यात तसे सुटे सुटे तडाखे ऐकू आले. ती लहर नव्हतीच. केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक धूलिकण सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक वेगानं यानावर आदळत होते. आदळताक्षणी त्यांची वाफ होई, त्या वाफेचा इवलासा प्लाझ्मा बने आणि अँटेनावर विद्युतदाबाचा झटका बसे. धूळ मोजण्यासाठी हे उपकरण बनवलेलंच नव्हतं, तरी त्यावरून कड्यांजवळच्या धुळीचे अंदाज बांधता आले. विज्ञानाची बरीचशी भिस्त आलेखावर आणि डोळ्यावर असते. डोळ्याला एकच डाग दिसतो तिथं कानाला सुटे टोले मोजता येतात, हे त्या फितीनं कायमचं दाखवून दिलं आहे.

मग 2013. व्हॉयेजर-1 सूर्याचं प्रभावक्षेत्र सोडून बाहेर पडलं की नाही यावर शास्त्रज्ञांत वाद पेटला होता. प्लाझ्माची घनता थेट मोजणारं त्याचं उपकरण 1980 मध्येच बंद पडलेलं. चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलेल अशी अपेक्षा होती, ती फारशी बदललेली नव्हती. अशात मार्च 2012 मधल्या सूर्यावरच्या उद्रेकाचा धक्का वर्षभरानं यानापर्यंत पोचला आणि एप्रिल-मे 2013 मध्ये भोवतालच्या प्लाझ्मात सुमारे 2,600 हर्ट्झच्या लहरी उठल्या. इथला नियम सोपा आहे. इलेक्ट्रॉनांच्या या दोलनाची वारंवारता घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. घनता चौपट झाली की स्वर एक सप्तक वर चढतो. 2,600 हर्ट्झ म्हणजे घनसेंटिमीटरमागे सुमारे 0.08 इलेक्ट्रॉन. सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्या कडेला आतल्या बाजूची घनता 0.002 च्या आसपास, तिथं स्वर असता तो 400 हर्ट्झचा. अडीच सप्तकांहून अधिक फरक. यान बाहेर पडलं होतं. मागं जाऊन नोंदी चाळल्या तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर 2012 मध्येही एक फिकट स्वर सापडला, सुमारे 2,200 हर्ट्झचा. दोन्हींवरून मागं हिशेब केल्यावर सीमा ओलांडल्याची तारीख 25 ऑगस्ट 2012 च्या आसपास बसली.

गर्नेट आणि सहकाऱ्यांचा हा निबंध सप्टेंबर 2013 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि त्यासोबत ध्वनिफीतही लोकांपुढं आली. तिच्यात काही महिन्यांची नोंद सेकंदांत आटवलेली आहे, पण स्वर बदललेले नाहीत. 2012 च्या स्वरापासून 2013 च्या स्वरापर्यंतची चढण जवळजवळ षड्जापासून कोमल गंधाराएवढी आहे. ज्याचा कान थोडा तयार आहे अशा कुणालाही ती जाणवते, आणि ती जाणवणं म्हणजेच बाहेर जावं तशी घनता वाढते आहे हे कळणं. एखाद्या संशोधन-निबंधाचा मुख्य युक्तिवाद सामान्य माणसानं स्वतःच्या इंद्रियानं तपासून पाहावा, अशी सोय विज्ञानात फार क्वचित होते.

या फितींचं सगळ्यात धाडसी रूप मात्र मंचावर उभं राहिलं. नासाच्या कलाविभागाच्या पुढाकारानं क्रोनोस क्वार्टेट या व्हायोलिनादी तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी टेरी रायली यांनी ‘सन रिंग्ज’ ही दहा भागांची रचना केली. गर्नेट यांनी जमवलेले आवाज तिचा पाया होते. ऑक्टोबर 2002 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या हँचर सभागृहात ती पहिल्यांदा वाजली. रायली हे पंडित प्राणनाथांचे शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शागीर्द, आणि वहीद खाँ म्हणजे हिराबाई बडोदेकरांचेही गुरू. एकेका स्वरावर ठाण मांडून त्याच्या पोटात शिरण्याची किराण्याची शिस्त मिरजेपासून पुण्यापर्यंतच्या रसिकांना निराळी सांगायला नको. त्याच शिस्तीत मुरलेला एक अमेरिकन संगीतकार गुरू ग्रहाजवळच्या लहरींपुढं बसतो आणि त्यांना वाद्यांची जोड देतो, हे मला योगायोगाहून जास्त वाटतं. लहरी टिपणाऱ्यानं आणि रचना करणाऱ्यानं, दोघांनीही आधी ऐकत राहण्याचंच शिक्षण घेतलेलं होतं.

आता आक्षेपाकडे येतो. तो हलका नाही. आवाज मनाला भुलवतो. एकदा का लोकांना अवकाश गातं हे आवडू लागलं की खरं किती आणि रचलेलं किती याची पर्वा राहत नाही. 2022 मध्ये नासानं पर्सियस दीर्घिकासमूहातल्या कृष्णविवराचा आवाज प्रसृत केला आणि जगभर तो फिरला. पर्सियसमध्ये तप्त वायूत दाबाच्या लहरी आहेत, हे खरंच. पण त्यांचा स्वर मध्य सप्तकाच्या 57 सप्तकं खाली आहे. एका आवर्तनाला जवळपास एक कोटी वर्षं लागतात. ऐकवलेला आवाज 57 आणि 58 सप्तकं वर उचललेला होता. नासानं हे सांगितलं होतं. पुढं पाठवणाऱ्या बहुतेकांनी ते गाळलं. कोटी वर्षांचा हेलकावा सेकंदात शेकडो वेळा घडवला की तिथल्या काळाचं प्रमाणच पुसलं जातं, आणि पर्सियसबद्दल मला सगळ्यात विस्मयकारक वाटतं ते नेमकं हेच प्रमाण.

म्हणून माझं मत असं आहे की अशा आवाजांना सरसकट मान्यता देऊ नये आणि सरसकट झिडकारूही नये. बदल किती केला आणि कोणता, हे आवाजाइतकंच ठळकपणे सांगितलं गेलं पाहिजे. शनीच्या रेडिओलहरी कॅसिनीनं टिपल्या, त्या कानाच्या आवाक्यापलीकडच्या होत्या. त्यांची फीत देताना सोबत लिहिलेलं होतं की 27 मिनिटांची नोंद 73 सेकंदांत आटवली आहे आणि वारंवारता 44 पटींनी खाली आणली आहे. हे दोन आकडे हाती असले की ऐकणारा मूळ नोंदीपर्यंत परत जाऊ शकतो. ते काढून घेतले की उरते ती करमणूक. करमणुकीला माझा विरोध नाही, पण तिला विज्ञानशिक्षण म्हणू नये.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांच्याच गोटातून येतो: हा वेळेचा अपव्यय आहे, समजावण्याचं काम समजावणाऱ्यांनी करावं. याची किंमत खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानप्रसारक कार्ल सेगन यांनी मोजली. 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं त्यांचं सदस्यत्व नाकारलं, आणि त्यांची लोकप्रियता त्यामागं होती असं मानलं जातं. गर्नेट 1998 मध्ये त्याच अकादमीवर निवडले गेले. यातून अकादमी सुधारली असा निष्कर्ष मी काढणार नाही. फरक बहुधा एवढाच की गर्नेट यांच्या फिती त्यांच्या निबंधांपासून वेगळ्या काढताच येत नव्हत्या. पण मग सगळ्यांनाच हा निकष लावावा लागेल. आपल्याकडं जयंत नारळीकरांनी विश्वरचनाशास्त्र आणि मराठी विज्ञानकथा दोन्ही आयुष्यभर सारख्याच निष्ठेनं सांभाळलं आणि वाचकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. तरीही विद्यापीठात नेमणूक वा बढती ठरवताना शाळेत घालवलेला वेळ सहसा फारसा जमेस धरला जात नाही. तरुण संशोधक हे ओळखतात आणि त्या वाटेला जात नाहीत. नुकसान शाळांचं होतं, आणि संशोधनाचंही, कारण शनीच्या धुळीसारखी गोष्ट नोंद वाजवून बघायची सवय असलेल्यालाच सापडते.

आपल्या शाळांना यातून थेट घेण्यासारखं काही आहे. विजेच्या शिळा आपल्या अक्षांशावर दुर्मीळ. भारतात त्या गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी अशा उत्तरेकडच्या ठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत. पण वळवाच्या दिवसांत मीडियम वेव्हवर लावलेला रेडिओ आभाळ भरून आलं की खरखरतो, तो विजेचाच आवाज, हे घरोघरी माहीत आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे लांब तार, वर्धक आणि हेडफोन. लहरी मुळातच ऐकू येणाऱ्या पट्टीतल्या असल्यानं स्टेशन लावायची गरज नाही, फक्त विजेच्या तारांच्या गुणगुणण्यापासून लांब, गावाबाहेरच्या माळावर जावं लागतं. रात्री दूरवरच्या विजांचा कडकडाट तिथं नुसती खरखर म्हणून येत नाही. टिक्, ट्विक् असा टोकाला वळलेला, छोटा चिवचिवाट होऊन येतो. जमीन आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातला प्लाझ्माचा थर, यांच्यामध्ये उसळ्या घेत आलेली ही लहर एका ठरावीक वारंवारतेखाली पुढं सरकू शकत नाही, तिथं तो स्वर अडून बसतो. ध्वनिमुद्रण करून संगणकावर पाहिलं की ही सीमा 1,700 हर्ट्झच्या जवळपास दिसते. प्रकाशाचा वेग सेकंदाला 3,00,000 किलोमीटर. त्याला 1,700 च्या दुपटीनं, म्हणजे 3,400 नं भागलं की 88 येतं. डोक्यावर 88 किलोमीटर उंचीवर प्लाझ्माची तळपट्टी आहे, हे नववीतली मुलगी वहीत मांडू शकते. कुठल्याही यानाशिवाय, स्वतः टिपलेल्या आवाजावरून.